वाट्यानं दिलेली सूरबहार

पहिल्या भेटीत आबांनी मला अंगणात चालून दाखवायला लावलं. हल्ली मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा एवढं धाडस करत नाहीत. मी पुण्याहून आले होते, सतारीची दहा वर्षांची तालीम पाठीशी होती आणि गुरुजींचं शिफारसपत्र पर्समध्ये होतं. ते पत्र आबांनी उघडलंही नाही. ओसरीवर घोंगडं टाकून बसले होते, तिथूनच हातातली काठी चिंचेच्या झाडाकडे केली आणि म्हणाले, "तितपर्यंत जाय अन् माघारी ये."

मी गेले आणि आले. दुसरं काय करणार?

"डावा खांदा उतरलाय हिचा," ते आपल्या बायकोला, काकूंना म्हणाले, जणू मी तिथं नव्हतेच. "सतारीनं उतरलाय. मंजी बसती ही. रोज बसती." मग माझा डावा हात ओढून घेतला, बोटांच्या टोकांवर तारांनी पडलेले घट्टे अंगठ्यानं दाबून पाहिले. "सोंग न्हाई."

"दात तेवढे बघायचे राहिले," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"दातावरून वय कळतं, बाळे. तुझं मला तसंच कळायलंय."

आबा म्हणजे बैलांचे दलाल. पन्नास वर्षं त्यांनी बैलबाजार केले. घाटनांदूरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, त्यांचं शेत आणि शेतातच घर. गाणं त्यांना येत नव्हतं, वाजवणं तर दूरच. पण ज्यांची तयारी आहे आणि जुनं, मुरलेलं वाद्य घ्यायची ऐपत नाही, अशा पोरापोरींना कुणीतरी कानात सांगायचं, की बीड जिल्ह्यात एक म्हातारा आहे, त्याच्याकडे अशी वाद्यं आहेत की बघत राहावं, आणि तो ती वापरायला देतो. पुढे आवाज आणखी खाली आणून सांगायचे, "थोडा चक्रम आहे. सांभाळून." थोडा हा शब्द ते सभ्यपणापोटी वापरत.

हे वेड लागलं कसं, ती म्हशीची गोष्ट आबा स्वतः सांगत, आणि दर वेळी त्यातली म्हैस थोडं जास्त दूध देई. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती वेळेला पाच लिटर देत होती. शेवटची ऐकली तेव्हा नऊवर गेली होती. अंबाजोगाईतल्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांना नातवंडांसाठी दुभती म्हैस हवी होती. आबा म्हैस घेऊन त्यांच्या दारात गेले. सौदा चालला असताना वकीलसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते आत गेले आणि अडगळीतून माणसाएवढं एक वाद्य उचलून घेऊन आले. ती सूरबहार होती. सूरबहार म्हणजे सतारीची थोरली बहीण समजा. दांडी रुंद, तारा जाड, आवाज खर्जातला. त्यांच्या आजोबांनी ती निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली. "अब इस घर में इसकू सुननेवाला कोई नै," असं म्हणून त्यांनी सगळ्यांत जाड तार नुसती छेडली.

"अन् सांगतो तुला," आबा म्हणत, "म्हशीनं रवंथ थांबवला. कान टवकारून हुबी राहिली. मी मनलं, जनावराला कळायलंय अन् मला कळंना, असं कसं?"

आबा म्हैस देऊन सूरबहार घेऊन आले. बैलगाडीत, कडब्यावर निजवून. काकूंनी दारातच कपाळावर हात मारला. वाद्याच्या खालचा भाग भोपळ्याचा असतो, तो काकूंना पहिल्या नजरेत दिसला. "दूध देणारी म्हैस दिली अन् भोपळा आणला!" हे वाक्य त्यांनी पुढे कायम वापरलं. आमच्यासारख्या पाहुण्यांची ओळख करून देतानाही त्या म्हणत, "ही भोपळ्यासाठी आलीय."

एकदा नाद लागला आणि मग आबा बाजाराला जातील त्या गावात वाड्यांच्या माळवदाखाली, देवळांच्या कोठीत, कीर्तनकारांच्या घरांत डोकवायला लागले. कुठं सारंगी मिळाली, कुठं दिलरुबा, एका मठात दोन भोपळ्यांची रुद्रवीणा. तिच्यात उंदरांनी संसार मांडला होता. बैल विकणाऱ्यालाच ते विचारत, "घरात तारंचं काही पडलंय का?" एकाने कुंपणाची काटेरी तार आणून दिली. तीही त्यांनी ठेवून घेतली.

वाद्यं गोठ्यात राहत. गोठा म्हणजे नावाला. खाली फरशी, वर पांढरं लिंपण, गव्हाणीच्या जागी फळ्या. दर शनिवारी लिंबाच्या पाल्याची धुरी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं, म्हणून खिडक्यांना ओली पोती आणि कोपऱ्यात पाण्याचा मोठा कूलर. आबा-काकू बाहेर बाजेवर झोपत. "मला साधा पंखा न्हाई, अन् भोपळ्याला कूलर," काकू म्हणत आणि रोज सकाळी स्वतःच त्या कूलरमध्ये दोन घागरी पाणी ओतत.

वाद्यांना गाईम्हशींसारखी नावं होती. सारंगी बांडी, दिलरुबा चांदी, आणि ती म्हशीच्या मोबदल्यात आलेली सूरबहार, तिचं नाव थोरली. रागांची नावं मात्र त्यांनी कधी शिकून घेतली नाहीत. राग ते कामाच्या वेळेवरून ओळखत. "ते धारा काढायच्या वक्ताचं वाजीव," म्हणाले की पहाटेचा एखादा राग धरायचा. "वैरणीच्या वक्ताचं" म्हणजे दिवेलागणीचा. एकदा मी दुपारी तीन वाजता संध्याकाळचा राग काढला तर म्हणाले, "एवढ्यात वैरण टाकलीस तर जनावर राती काय खाईल?" गुरुजींनी रागांचं वेळापत्रक मला दोन वर्षं शिकवलं होतं. ते इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा मी तिथं असतानाच संग्रहालयाचे कुणी एक साहेब जीपमधून आले. सगळी वाद्यं काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमच्या नावाची पाटी लावू, म्हणाले. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"काचंत ठिवल्यावर वाजवणार कोण?"

"वाजवायची नाहीत. जतन करायची."

"तुमच्या घरी म्हातारी माणसं हायेत का साहेब?"

"आई आहे."

"तिला काचंत ठिवलीय का?"

साहेब हसले, चहा प्याले, जाताना काकूंच्या पाया पडले. आबा नंतर दिवसभर स्वतःशीच पुटपुटत होते. "जनावर अन् वाद्य, रिकामं बसलं की मेलं. पाटी लावा न्हाईतर हार घाला."

आबांचं वाद्य द्यायचं तंत्र असं होतं. आलेल्याला ते वाजवायला लावत नसत. एखाद्या वाद्याच्या सगळ्या तारा पार उतरवून ते समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "लाव." आणि स्वतः पाठ करून अंबाडीचा दोर वळत बसायचे. तासन्‌तास. "वाजवणारे लई हायेत. लावणारे थोडे." घाईघाईत दोन खुंट्या पिळून लगेच तान मारणाऱ्याला ते शेंगांची पिशवी देऊन गाडीत बसवून देत.

मला त्यांनी थोरली लावायला दिली. तरफांच्या, म्हणजे खालून आपोआप झणझणणाऱ्या, बारीक तारांसकट सगळी लावायला मला पावणेदोन तास लागले. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली माझी चार बोटं घट्ट धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, रुमालाखाली, बोटांच्या भाषेत. मला वाटलं, अजून घट्टेच तपासतायत. मी मान हलवली.

"ठरलं. चार वर्सं. वाट्यानं."

"वाट्यानं म्हणजे?"

"गाय वाट्यानं देतेत, ठाऊक न्हाई? कुठली गं तू?"

"अंबाजोगाईची."

"मंग पुण्यात जाऊन इसरलीस. गाय माझी. सांभाळायची तू, दूध तुझं. वासरू झालं की निम्मं माझं."

"आबा, सूरबहारीला वासरू कसं होईल?"

"तुला कुणी शिकवलं? गुरुजीनं? मग तू त्यांचं वासरूच की. तसं एक तू कर. पर आपल्या मुलखातलं. पुण्यात वासरं लई हायेत, इथं कुणी न्हाई. चार वर्सांत एक तरी घेऊन ये. न्हाई आलं तर थोरली दावणीला परत."

मी हसून हो म्हटलं. चार वर्षं मला फार लांब वाटली.

पुण्यात थोरलीनं माझं नशीब काढलं. सतार वाजवणारे पुण्यात गल्लोगल्ली. सूरबहार, आणि तीही असल्या आवाजाची, कुणाकडे नव्हती. लोक नाव घ्यायला लागले. तिसऱ्या वर्षी तर एका जुन्या, मानाच्या मैफलीचं बोलावणं आलं, पुढच्या वर्षीच्या कार्तिकातलं. शिकवण्याही चालू होत्या, पण सगळी मुलं पुण्यातली. आपल्या मुलखातलं वासरू म्हणजे दर पंधरा दिवसांनी साताठ तास एसटीत बसून बीड जिल्ह्यात जाणं आलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चौथ्या वर्षाचा भाद्रपद उजाडला, आणि आबांचं दोन ओळींचं कार्ड आलं. "मुदत भरली. वासरू दाखवायला आणावे. थोरलीस सोबत आणणे."

मी घाबरले. थोरली गेली की मी पुन्हा शंभर सतारींतली एक. म्हणून मी जे केलं ते सांगते. माझ्या मैत्रिणीकडे एक मुलगी चार वर्षं सतार शिकत होती. वाढलेली पुण्यात, पण मूळची आष्टीची. तिला मी उसनी घेतली. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेवभाजी खाताना तिच्याकडून सगळं घोकून घेतलं.

"कधीपासून शिकतेस?"

"दोन वर्षं झाली, ताई."

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे, ताई."

"आणि मला मॅडम म्हणायचं नाही."

"नाही मॅडम."

दुपारी आम्ही आबांच्या ओसरीवर होतो. त्यांनी एक जुनी सतार मुलीपुढे ठेवली, "लाव" म्हणाले आणि पाठ करून दोर वळायला लागले. मुलगी खरंच हुशार. नीट, न घाबरता लावत होती. काकूंनी मला चहा आणून दिला. जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, तारेपाशी मात्र खुंटी सरकली आणि तार केसभर उतरली. मुलीच्या लक्षात आलं नाही, ती पुढे गेली. मी बशीत चहा ओतून फुंकत होते.

आबांचा हात थांबला. "चहात साखर बराबर हाय का?"

"हो आबा, छान झालाय."

"मंग वासरू तुझं न्हाई."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी आवाज चढवला. "असं कसं म्हणता? दोन वर्षं शिकवतेय मी हिला. विचारा तिला."

"तिला कशाला इचारू? पोरगी गुणाची हाय. तू सांग, तार उतरली का न्हाई?"

"किंचित."

"तुला कळलं?"

"कळलं."

"मंग बशी कावून फुंकायलीस?"

मी बशी खाली ठेवली. आबा वळून बसले. रागावले नव्हते, उलट बाजाराची गोष्ट सांगायला मिळाली म्हणून खुशीत आले होते. "जुन्या वेताच्या गाईला दुसरीचं कवळं वासरू लावून आणतेत बाजारात. आत्ताच व्याली मनून सांगतेत. गाय हुबी ऱ्हाती, वासराला पिऊ बी देती. गिऱ्हाईक फसतंय. मी काय करतो, वासराच्या पाठीवर वंजळभर धूळ टाकतो. तिचं असलं तर ती लगी चाटाया लागती. न्हाई तर शिंग बी हलवीत न्हाई."

"म्हणजे ती खुंटी..."

"सकाळी मीच ढिली केली. तेवढीच धूळ."

खोटं पकडलं गेलं याची लाज वाटलीच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की म्हातारा खरं बोलत होता. तार उतरलेली मला ऐकू आली होती आणि मला काहीच वाटलं नव्हतं. पोरगी परक्याची होती.

थोरली दावणीला गेली. आम्हाला पोटभर दही-धपाटे वाढले, ओल्या शेंगा बांधून दिल्या. निघताना आबांनी त्या मुलीला विचारलं, "तुझी खरी गाय कुठं हाय? तिला घिऊन ये." माझी मैत्रीण महिन्याभरात जाऊन एक सुंदर जुनी सतार घेऊन आली. माझ्या लबाडीचा असा फायदा झाला तिला. अजून मला पेढे दिलेले नाहीत.

थोरली ठेवून घेतली तरी गवसणी, म्हणजे तिची ती लांबरुंद पिशवी, माझी होती. ती रिकामी घडी मांडीवर घेऊन मी अंबाजोगाईच्या गाडीत बसले. मुलगी शहाणी, मागच्या सीटवर जाऊन बसली. कंडक्टर बाई होती, खाकीतली, चौतिशीची, कपाळाला घाम. मला म्हणाली, "एवढ्या मोठ्या पिशवीचं तिकीट काढावं का?"

"रिकामी आहे."

"काय हुतं हिच्यात?"

"वाद्य. सतारीसारखं. मोठं."

"मला जमंल का वाजवाय?"

माझं डोकं आधीच तापलेलं. "नाही जमणार," मी म्हणाले.

"बरं," म्हणून तिनं तिकीट दिलं आणि पुढे गेली. अंबाजोगाईला उतरले तर माझ्यामागून खाली आली. "म्याडम, कावून न्हाई जमणार?"

तिला राग आला नव्हता. तिला खरंच कारण हवं होतं, आणि माझ्याजवळ ते नव्हतं. "आमचे बापू भजनात वीणा घिऊन हुबे ऱ्हायचे," ती म्हणाली. "मला हात लावू देत नव्हते. ते बी सांगायचे, तुला न्हाई जमायचं. पर कावून, ते कधी सांगितलं न्हाई. मनून इचारलं."

मी तिचा नंबर घेतला. तिचं नाव अनिता, राहायला घाटनांदूरला. खरं सांगते, दया म्हणून किंवा कला म्हणून मी तिला शिकवायला घेतलं नाही. मला वासरू हवं होतं आणि ही आपल्या मुलखातली होती, एवढंच.

कार्तिकातली मैफल मी सतारीवर वाजवली. लोक छान म्हणाले. सूरबहार कुठंय, असं एकानंही विचारलं नाही. याचा राग मला अजून आहे.

दर पंधरवड्याला मी अंबाजोगाईला आईकडे यायला लागले. अनिता ड्युटी संपवून खाकीतच येई, हातपाय धुऊन माझ्या जुन्या सतारीपुढे बसे. पहिले सहा महिने तिनं माझा जीव खाल्ला. प्रत्येक गोष्टीला कावून. अंगठा इथंच कावून? हा सूर घ्यायचा न्हाई तर कावून न्हाई? मी ओरडायचे, ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा विचारायची. बोटं मात्र कामाची होती. धावत्या गाडीत दांडी धरून उभं राहिलेली ती बोटं. तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं, ज्याला आम्ही मींड म्हणतो, त्याला जोर लागतो. मला ज्याला पाच वर्षं लागली ते तिला दीड वर्षात यायला लागलं.

कधी तिची गाडी मांजरसुंब्याला थांबली की तिचा फोन येई. मागे ढाब्यावरचा गोंधळ, आणि ही मला कालचा पलटा गाऊन दाखवतेय. "चुकलं," मी पुण्यातून ओरडायचे, "धैवत कुठं चाललाय तुझा?" "गाडी सुटायलीय म्याडम, आष्टीत गेल्यावर दुरुस्त करते," म्हणून ती डबल बेल द्यायची. आणि मी तिकडे दोन तास घड्याळ बघत बसायचे, हिची गाडी आष्टीला कधी पोचते म्हणून. तिकिटाच्या बॅगेवर ती उजव्या हाताचे बोल वाजवत बसते, अशी एका प्रवाशानं डेपोत तक्रारही केली. साहेबांनी तिला विचारलं तर म्हणाली, "क्लास लावलाय साहेब." पुढे काही झालं नाही.

असं तिसरं वर्ष संपत आलं. एका रविवारी ती मींड घेत होती आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येता येता थांबले. तिच्या त्या ओढण्यात एक वजन होतं, संथपणा होता, जो माझ्या हातात कधीच आला नव्हता. हे मला स्वच्छ कळलं. तिला मी सांगितलं नाही. मत्सर म्हणा. मी एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी सुटी काढ. आबांकडे जायचंय."

मला थोरली परत हवी होती. तीन वर्षं तिचा आवाज कानात धरून बसले होते मी. गवसणी धुऊन, इस्त्री करून नेली.

या वेळी आबांनी सतार काढली नाही. फळीवरून थोरलीच उतरवून आणली आणि अनितापुढे ठेवली. "लाव." अनितानं सूरबहार जन्मात पाहिली नव्हती. आधी तिनं वाद्याला नमस्कार केला, मग मलाच विचारलं, "कुठली तार आधी, म्याडम?" मी सांगितलं. आबा पाठ करून दोर वळत होते. अनितानं पहिली तार लावली, दुसरी लावली, आणि जरा थांबून पहिलीवर एक मींड घेतली. लांब, सावकाश.

आबांनी दोर खाली ठेवला. तिचा हात ओढून रुमालाखाली घेतला. "ठरलं. थोरली हिच्याकडं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "हिच्याकडं म्हणजे?"

"वासरू आणलंस, झ्याक आणलंस. निम्मं माझं. माझ्या निम्म्याला मी थोरली देतो."

"आणि मी?"

"तू काय?"

माझं पुण्याचं सगळं बोलणं त्या क्षणी गळून पडलं आणि अंबाजोगाईचं तोंड सुटलं. "मी काय मंजी? तीन वर्सं ह्या एसटीत हाडं मोडून घेतली ती कशासाठी? चार वर्सं सांभाळली मी तिला! तिच्या तारांखालची घोडी मी घासून घेतली, खुंट्या मी बदलल्या! ही कोण लागून गेली? हिला खरज कशाशी खातेत ते ठाऊक नव्हतं, मी शिकवलं! म्हातारपणी इमान इकलं का तुमी आबा?"

काकू भाकरीचा हात तसाच घेऊन दारात आल्या. आबा ऐकत होते, कुणी बैलाची किंमत सांगत असल्यासारखे, शांत. अनितानं मान खाली घातली होती. तिला कुठं बघावं कळेना. दोघांच्या भांडणात आपण काय करावं, म्हणून ती बिचारी खाली बघून खरजाची जाड खुंटी हळूहळू पिळत राहिली.

"इमान तर माझंच खोटं निघालं," मी म्हणत होते, "पर एकदा चुकलं मनून काय जलमभर? मी जर ठरवलं असतं ना आबा, तर मी ही थोरली तव्हाच... चढली. उतरव. थांब, एकदम नको. अजून. अजून जरा. ऐक, जोडाशी मिळवून ऐक. हां. आता सोड."

मी कधी खाली बसले ते मला आठवत नाही. खुंटीवर तिच्या हातावर माझा हात होता. खरज लागला तसा ओसरीच्या फरशीतून मांडीला कळला. मग म्हटलं, तरफा बघू. तरफांच्या तारा पुष्कळ, एकेक लावायची तर वेळ लागतोच. एका तारेवर तिचं आणि माझं वाजलंसुद्धा. ती म्हणे लागली, मी म्हणे नाही. ती म्हणाली, "कावून न्हाई?" मी पुन्हा ऐकलं, आणि ती लागली होती. सगळं लावून होईपर्यंत भाकऱ्या झाल्या, पानं वाढली गेली. मान वर केली तर आबा दोर वळत होते, पाठ आमच्याकडे करून.

थोरली माझ्याच इस्त्री केलेल्या गवसणीतून गेली. घाटनांदूरला अनिताच्या दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही काढून रिकाम्या केलेल्या जागी, ती आता असते. मी अजूनही दर पंधरवड्याला जाते. जाताना रस्त्यात आबांच्या घराचा फाटा लागतो, आणि दर वेळी मी मनाशी ठरवते, आज उतरायचं आणि ते अर्धं राहिलेलं भांडण पुरं करायचं. पण तिथून घाटनांदूर जवळ, आणि अनिताचा तो मधल्या सप्तकातला मध्यम अजून किंचित चढतो. मी पुढच्या स्टॉपलाच उतरते.